उसनी पात्रे आणि निषिद्ध आशय : फॅन फिक्शनविषयीच्या एका वादाची तपासणी

१

आधी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील, चित्रपटातील किंवा दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे घेऊन चाहत्यांनी एकमेकांसाठी, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता लिहिलेल्या कथांना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. आजच्या अर्थाने या लेखनाचा आरंभ अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ (१९६६-६९) या मालिकेच्या चाहत्यांनी काढलेल्या हौशी अनियतकालिकांपासून धरला जातो. ‘स्पॉकॅनेलिया’ हे त्यांपैकी पहिल्यांतले अनियतकालिक १९६७ साली निघाले. हेन्‍री जेन्किन्स यांचा ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांचा ‘एन्टरप्रायझिंग विमेन’ हे दोन्ही ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाले आणि या लेखनाला विद्यापीठीय अभ्यासात स्थान मिळाले. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांनी स्वतः चालवलेल्या संग्रहाला २०१९ साली ह्यूगो पुरस्कार देण्यात आला, तेव्हा वाङ्मयीन प्रतिष्ठेचा प्रश्नही काही प्रमाणात निकाली निघाला.

निकाली निघाला नाही तो निषिद्ध आशयाचा प्रश्न. रक्ताच्या नात्यातील शरीरसंबंध, बलात्कार, अल्पवयीनांचे लैंगिक चित्रण आणि अतिरेकी क्रौर्य हे विषय फॅन फिक्शनमध्ये यावेत की नाहीत, हा वाद गेली चार दशके या ना त्या रूपात चालू आहे. एका पक्षाचे म्हणणे असे, की कल्पित कथनाचा वाचकाच्या धारणांवर परिणाम होतो आणि अत्याचाराचे रंजक चित्रण अत्याचाराला सवयीचे करून टाकते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की कल्पित पात्राला इजा होत नाही, लिहिणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, आणि अत्याचार सोसलेल्या अनेक व्यक्तींना अशा लेखनातूनच आपल्या अनुभवाला शब्द देता येतो. दोन्ही बाजूंकडे तथ्य आहे. परंतु दोन्ही बाजू ज्या गोष्टीविषयी बोलतात ती संहिता नव्हे. एक पक्ष परिणामांविषयी बोलतो, दुसरा अधिकारांविषयी. लिहिल्या गेलेल्या कथेचे वाचन या दोहोंच्या मधून निसटून जाते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे, की निषेधाची यादी आणि सूचनांची यादी या वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या व्यवस्था एकाच गृहीतावर उभ्या आहेत. विषय हा निवेदनापासून वेगळा काढता येतो, हे ते गृहीत होय. फॅन फिक्शनच्या बाबतीत ते विशेषच अपुरे ठरते. कारण येथे निषिद्धाचा अर्थ विषयातून जितका निर्माण होतो, त्याहून अधिक उसन्या पात्राच्या पूर्वायुष्यातून निर्माण होतो.

२

प्रथम याद्यांचा इतिहास पाहू. १९८१ साली ‘स्टार वॉर्स’च्या अधिकृत चाहता-मंडळाकडून अनियतकालिकांच्या संपादकांना पत्रे गेली. चाहत्यांच्या कथांना हरकत नव्हती. मात्र त्या चित्रपटांच्या कौटुंबिक प्रतिमेला धक्का लावणारे प्रौढ लैंगिक लेखन खपवून घेतले जाणार नाही, असा त्यांचा आशय होता. येथे निषेध करणारा पात्रांचा स्वामी आहे आणि जपायची आहे ती पात्रांची निरागसता. २००२ साली ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ या मोठ्या संग्रहाने केवळ प्रौढांसाठी असलेल्या वर्गवारीतील कथा काढून टाकल्या. येथे निषेध करणारा मुद्रक-वितरकाच्या जागी आहे.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मे २००७ च्या अखेरीस ‘लाइव्हजर्नल’ या लेखनस्थळाने सुमारे ५०० खाती एकाएकी बंद केली. निकष काय होता? खातेदारांनी आपल्या आवडीच्या विषयांच्या यादीत नोंदवलेले शब्द! नात्यातील संबंध, बलात्कार असे शब्द ज्या यादीत आढळले ते खाते संशयित ठरले. परिणामी फॅन फिक्शनच्या गटांबरोबरच अत्याचारपीडितांचे आधारगट आणि नाबोकॉव्हच्या ‘लोलिटा’ या कादंबरीची चर्चा करणारा एक स्पॅनिश भाषेतील गटही बंद पडला. पुढे चालकांनी दिलगिरी व्यक्त करून अनेक खाती पूर्ववत केली. या घटनेकडे सामान्यतः अतिरेकी नियंत्रणाचा नमुना म्हणून पाहिले जाते. समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. न वाचता केलेल्या निवाड्याचे ते शुद्ध उदाहरण आहे. शब्द तोच असला, तरी तो आरोपीचा आहे, पीडिताचा आहे की कादंबरीच्या अभ्यासकाचा, हे यादीला कळू शकत नाही. तो शब्द कोण, कोणाला, कोणत्या निवेदनात सांगत आहे यावर अर्थ अवलंबून असतो, आणि नेमका तोच भाग यादी गाळून टाकते.

त्याच महिन्यात चाहत्यांच्या स्वतःच्या मालकीचा संग्रह असावा अशी कल्पना मांडली गेली होती. तिला या घटनेने निकड प्राप्त करून दिली. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा संग्रह नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या नावात व्हर्जिनिया वुल्फच्या १९२९ सालच्या सुप्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकाचा प्रतिध्वनी आहे. या संग्रहाने विषयांवर बंदी घालण्याऐवजी सूचनांची पद्धत स्वीकारली. तपशीलवार हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक चित्रण या चार बाबींची नोंद लेखकाने कथेच्या माथ्यावर करावी, किंवा सूचना न देण्याचा पर्याय आपण निवडला आहे असे तरी जाहीर करावे. हा अखेरचा पर्याय लक्षणीय आहे. आशय आधी उघड करणे हीसुद्धा एक निवेदनविषयक कृती आहे आणि तिने कथेची रचना बदलते, याची जाण त्यात दिसते. याच वृत्तीतून चाहत्यांमध्ये ‘डेड डव्ह : डू नॉट ईट’ हे खुणेचे वाक्य रूढ झाले. एका अमेरिकी विनोदी मालिकेतील पात्र असे लिहिलेली पिशवी उघडते आणि आत मेलेले कबूतरच पाहून हताश होते. पिशवीवर लिहिले होते तेच आत निघाले, आता तक्रार कसली, असा त्याचा भाव.

सूचनापद्धतीने वाचकाला नकाराचा अधिकार दिला, आणि तो मौलिक आहे. पण या पद्धतीत कथेविषयीचा प्रश्न वाचकाच्या संमतीच्या प्रश्नात रूपांतरित होतो. ‘ही कथा निषिद्ध विषयाचे काय करते?’ या प्रश्नाची जागा ‘तुम्हाला आधी सांगितले होते ना?’ हा प्रश्न घेतो. ग्रंथालयाच्या तालिकेला हे शोभते. समीक्षेला शोभत नाही.

३

उसन्या पात्राने निषिद्धाचे स्वरूप कसे बदलते, हे पाहण्यासाठी या परंपरेतील एका आद्य उदाहरणाकडे जावे लागेल. १९७४ साली ‘ग्रप’ या प्रौढांसाठीच्या अनियतकालिकात डायान मार्चंट यांची ‘अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम’ ही छोटी कथा आली. ‘स्टार ट्रेक’मधील कर्क आणि स्पॉक यांच्यातील शरीरसंबंध सूचित करणारी ही पहिली प्रसिद्ध कथा मानली जाते. पुढे दोन नावांमधील तिरप्या रेघेवरून अशा कथांना ‘स्लॅश’ हे नाव पडले. विशेष म्हणजे कथेत दोन्ही पात्रांची नावे येत नाहीत. तरीही वाचकांनी ती ओळखली. म्हणजे कथेतील निषिद्ध भाग पानावर जेवढा होता, त्याहून अधिक वाचकाच्या स्मृतीत होता. तीच वाक्ये दोन अनोळखी पात्रांविषयी वाचली असती तर ती एक धूसर प्रणयदृश्य ठरली असती. पात्रे ओळखीची असल्यामुळे ते दृश्य मूळ मालिकेवरचे भाष्य झाले.

या भाष्याला मूळ संहितेत आधार होता काय? सप्टेंबर १९६७ मध्ये प्रक्षेपित झालेला, थिओडोर स्टर्जन यांनी लिहिलेला ‘अमॉक टाइम’ हा भाग पाहावा. एरवी तर्कनिष्ठ आणि भावनांवर ताबा असलेला स्पॉक येथे ‘पॉन फार’ नावाच्या शारीर ज्वराने ग्रासला आहे. त्याच्या वंशातील पुरुषाला या अवस्थेत समागम करावा लागतो. नाही तर मृत्यू अटळ. नियोजित वधू टिप्रिंग त्याला नाकारते आणि द्वंद्वासाठी आपल्या बाजूने कर्कची निवड करते. विजेत्याची ती मालमत्ता होईल, असे विधीची प्रमुख वृद्धा तिला बजावते. कर्क आपल्या हातून मेला असे वाटताच स्पॉकचा ज्वर ओसरतो, आणि तो जिवंत आहे हे कळताच संयमी स्पॉकच्या चेहऱ्यावर हसू उमटते.

या भागात काय काय दडलेले आहे ते पाहा. देहाच्या सक्तीपुढे इच्छेला अर्थ काय, नकार देणाऱ्या स्त्रीला व्यक्ती मानायचे की मालमत्ता, आणि समागमावाचून न शमणारा ज्वर मित्राशी झालेल्या झटापटीने कसा शमतो, हे तिन्ही प्रश्न १९६७ च्या दूरचित्रवाणीने उपस्थित केले आणि तिच्या संकेतांनुसार अर्धवट सोडून दिले. ‘पॉन फार’वर आधारलेल्या असंख्य स्लॅशकथांनी हे सोडलेले धागे उचलले. त्यांत सक्ती आहे, संमतीविषयीची संदिग्धता आहे. म्हणजे सूचनांच्या यादीत बसणारा आशय आहे. मात्र तो चाहत्यांनी बाहेरून आणून लादलेला नाही. जोआना रस यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या कथांकडे स्त्रियांनी स्त्रियांसाठी केलेले कामलेखन म्हणून गांभीर्याने पाहिले, ते याच कारणाने महत्त्वाचे ठरते.

पण वाचन येथेच थांबवता येणार नाही. स्लॅशकथा स्त्रीपात्रांना बाजूला सारतात, असा आक्षेप चाहत्यांनीच वारंवार घेतला आहे. दोन पुरुषांच्या प्रेमाला वाट करून देण्यासाठी एखादी कथा टिप्रिंगला केवळ दुष्ट ठरवत असेल, तर मूळ भागातील सर्वांत धारदार प्रश्न, म्हणजे स्त्रीच्या नकाराचा प्रश्न, ती कथा बोथट करते. ही उणीव कोणत्याही सूचनेत नोंदवली जाणार नाही आणि कोणत्याही बंदीयादीत सापडणार नाही. ती केवळ वाचनातूनच दिसते.

४

उसन्या पात्राच्या निषिद्ध वर्णनाचा प्रश्न भारतीय साहित्यविचाराला अपरिचित नाही. ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गातील शिवपार्वतींच्या संभोगशृंगारावर प्राचीन मीमांसकांनी केलेली चर्चा सर्वश्रुत आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘महाभारतावरच्या आमच्या साऱ्या कादंबऱ्या म्हणजे फॅन फिक्शनच’ असे सैल विधान अलीकडे ऐकू येते. ते स्वीकारता येत नाही. महाकाव्यांना कायदेशीर स्वामी नाही, त्यांवरील लेखन चाहत्यांच्या बंदिस्त गटापुरते नसते, आणि त्यामागे धर्मभावनेचा संदर्भ असतो. साम्य आहे ते एवढेच, की दोन्हीकडे उपजीव्य संहितेतील पात्र वाचकाच्या मनात आधीपासून वसलेले असते. मात्र चर्चेपुरते हे साम्य पुरेसे आहे.

अकराव्या शतकातील मम्मटाची भूमिका निःसंदिग्ध आहे. उत्तम देवतांच्या संभोगाचे वर्णन करू नये; ते आपल्या मातापित्यांच्या संभोगाचे वर्णन करण्याइतकेच अनुचित होय. हा विषयावरचा निषेध आहे. त्याच्या सुमारे दोन शतके आधीच्या आनंदवर्धनाची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. अशा वर्णनात अनौचित्य असते हे त्यालाही मान्य आहे. तथापि तो दोषांचे दोन प्रकार करतो. व्युत्पत्तीच्या अभावातून आलेला दोष कवीच्या प्रतिभाशक्तीने झाकला जाऊ शकतो. शक्तीच्या अभावातून आलेला दोष मात्र तत्काळ उघडा पडतो. कालिदासाच्या सर्गात ग्राम्यता जाणवत नाही ती या शक्तीमुळे. दोष नाहीसा झाला असे आनंदवर्धन म्हणत नाही; तो जाणवत नाही असे म्हणतो. म्हणजे निवाडा विषयाच्या नावावरून देता येत नाही, प्रत्यक्ष सर्ग वाचावा लागतो.

आनंदवर्धनाच्या औचित्यविचाराचा एक भाग आज सोडून द्यावा लागेल. तेथे पात्राची प्रकृती उत्तम, मध्यम, अधम अशा श्रेणीत ठरते आणि वर्णनाचे औचित्य त्या श्रेणीवर अवलंबून असते. हा दर्जाचा निकष आहे. परंतु दर्जा काढून टाकल्यावरही एक गाभा उरतो. पात्राला स्वतःची अशी प्रकृती असते आणि तिच्याशी विसंगत कृती रसभंग करते, हा तो गाभा होय. नेमका हाच निकष फॅन फिक्शनच्या वाचकांनी, कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता, स्वतःसाठी घडवला आहे. एखादे पात्र ‘आउट ऑफ कॅरेक्टर’ झाले, म्हणजे आपल्या स्वभावाबाहेर गेले, ही त्यांची सर्वांत नेहमीची तक्रार असते. या वाचकांपाशी एक अस्सल वाङ्मयीन निकष आहे. निषिद्धाविषयीचा वाद सुरू होताच मात्र तो बाजूला पडतो आणि चर्चा यादीकडे वळते. वस्तुतः निषिद्ध आशयाच्या कथेलाच हा निकष सर्वाधिक कसोशीने लावायला हवा. प्रिय पात्राकडून अत्याचार घडवताना कथा त्या पात्राच्या मूळ प्रकृतीतील कोणती शक्यता उघड करते? की पात्राचे नाव हे केवळ वाचक गोळा करण्याचे साधन आहे?

५

उसन्या आकृतीचे हे अधिकचे वजन आपल्या न्यायव्यवहारातही दिसते. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने, कथा समग्रपणे वाचून, लेखकाला दोषमुक्त केले. तिच्यातील पात्रे लेखकाने कल्पिलेली होती. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली एका बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली आणि तिच्यावरही खटला उभा राहिला. २०१५ साली त्याविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने असे मत मांडले, की इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या संदर्भात समकालीन सामाजिक मापदंडाची कसोटी अधिक तीव्रतेने लावावी लागेल. माफी मागितलेल्या प्रकाशकावरील आरोप रद्द झाला. कवीविरुद्धचा खटला चालण्यास मात्र वाट मोकळी राहिली.

दोन्ही प्रकरणांत कलम तेच, भारतीय दंडविधानाचे २९२. फरक पडला तो आकृतीच्या पूर्वायुष्याने. गांधी हे कल्पित पात्र नव्हे, आणि गुर्जरांची कविता ही फॅन फिक्शन नव्हे. तरीही उसन्या आकृतीला लावलेला शब्द अधिक बोचतो, हे वाचकव्यवहारातील सत्य न्यायालयाने अचूक ओळखले, असे म्हणावे लागते. प्रश्न पुढचा आहे. हे अधिकचे वजन कठोर शिक्षेचे कारण मानायचे की अधिक कसून वाचण्याचे? न्यायालयाने पहिला मार्ग धरला. त्यात दर्जाधिष्ठित औचित्यच नव्या परिभाषेत परत आले. समीक्षेने दुसरा मार्ग धरायला हवा. गांधी ही आकृती त्या कवितेत ठिकठिकाणी का भेटते, तिच्या नावाने चाललेल्या कोणत्या व्यवहारावर कविता बोट ठेवते, हे विचारल्याशिवाय तिच्यातील शब्दांचा हिशेब मांडता येत नाही.

६

मग सारे काही निवेदनावर सोपवून समीक्षकाने मोकळे व्हावे काय? तसे नाही. कसून वाचणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. जानेवारी २०१० मध्ये हैती येथे विनाशकारी भूकंप झाला. त्याच वर्षी ‘सुपरनॅचरल’ या मालिकेच्या चाहत्यांमध्ये एक दीर्घ कथा प्रसिद्ध झाली. मालिकेतील दोन गोऱ्या नटांना नायक करून त्यांची प्रेमकथा या भूकंपग्रस्त भूमीवर रंगवली होती. कथेवर वंशवादाचा तीव्र आरोप झाला. तो लैंगिक आशयाबद्दल नव्हता. सहस्रावधी माणसांचा मृत्यू आणि जिवंत राहिलेल्यांची पीडा हे दोन नायकांच्या प्रणयाचे नेपथ्य बनवले गेले, हा आक्षेप होता.

संमतीवर आधारलेली सूचनापद्धती येथे निरुत्तर होते. वाचकाला आधी कळवले होते, हे उत्तर येथे गैरलागू आहे. कारण ज्यांच्यावर अन्याय झाला ते या कथेचे वाचक नव्हतेच. सूचनेत लेखक आणि वाचक या दोघांचा करार असतो. ज्याचे दुःख वर्णिले जाते त्या तिसऱ्याला त्या करारात जागा नाही. भारतीय अभ्यासक रुक्मिणी पांडे यांच्या ‘स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स’ (२०१८) या ग्रंथाने चाहत्यांच्या जगातील वंशभेदाची चर्चा मध्यवर्ती आणली. ती वाचताना लक्षात येते, की कोणता विषय निषिद्ध मानायचा हे ठरवणाऱ्या याद्यासुद्धा कोणीतरी विशिष्ट स्थानावरून केलेल्या असतात. कामविषयाची नोंद त्यांत पहिल्यापासून आहे. दुसऱ्याच्या पीडेच्या वापराची नाही.

बंदीयादीत हैतीची कथा सापडली नसती, आणि सूचनायादीने तिला अभय दिले असते. हीच या दोन्ही व्यवस्थांची समान मर्यादा होय. त्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. अल्पवयीन वाचकांचे संरक्षण, पीडितांना अवचित होणारा आघात टाळणे, खऱ्या गुन्ह्याचा शोध ही कामे नियमांनी आणि सूचनांनीच करावी लागतात. पण ती अभिसरणाची नीती आहे. वाङ्मयाचे मूल्यमापन तिच्यावर सोपवणे म्हणजे समीक्षेने आपले काम दुसऱ्याच्या अंगावर टाकणे होय.

मर्ढेकरांच्या कवितेवरील खटल्यापासून मराठी समीक्षेने श्लील-अश्लीलतेची चर्चा बहुधा एकाच सूत्राने केली आहे. कलाकृती अस्सल असेल तर तिच्यातील अश्लील भासणारा अंश कलात्मक अनुभवात विलीन होतो, हे ते सूत्र. अभिजात किंवा श्रेष्ठ ठरलेल्या कृतीच्या बचावाला ते उपयोगी पडले. फॅन फिक्शन हे बहुतांशी हौशी, असमान दर्जाचे आणि उघडपणे परावलंबी लेखन आहे. त्याला हे सूत्र लावले तर बहुतेक कथा कलाकृती नाहीत म्हणून बचावालाच अपात्र ठरतील, आणि मधल्या सर्व प्रश्नांना बगल दिली जाईल. साधारण कथेतही निषिद्ध विषय काही काम करत असतो. मूळ संहितेने दडवलेले तो बोलते करतो की तीच दडपणूक पुढे चालवतो. पीडित पात्राला तो दृष्टी देतो की त्याला दृश्य बनवून सोडतो. ज्याचे दुःख उसने घेतले त्याचे ऋण तो मानतो की नाही, हे प्रश्न कथेच्या दर्जाची वाट पाहत थांबत नाहीत. ते विचारण्यासाठी कथा श्रेष्ठ असण्याची गरज नाही. ती वाचली जाण्याची गरज आहे.